विक्रीची पदवी : एक हिशेब
विक्रीशास्त्रातल्या एम.बी.ए.चा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. २ वर्षांची बुडालेली कमाईही त्यात धरली पाहिजे. वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातींच्या घरातील मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती मिळत नाही.

पुढे मिळकतीचे दोन भाग : ठरलेला पगार आणि विक्रीवरचे कमिशन. जाहिरातीत दोहोंची बेरीज छापतात. मी विमा विकत होतो, तेव्हा सोबत्यांची पहिली गिऱ्हाइके त्यांचे मामा-काकाच होते. माझ्या वस्तीत हप्ता कोण भरणार होते? खाजगी नोकरीत आरक्षण नाही, आणि ओळखीपाळखीतही नाही. म्हणून मुलांनो, शैक्षणिक कर्जाचा हप्ता केवळ ठरलेल्या पगारातून फिटतो का, तेवढे आधी पाहा.