पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

आपल्या पुस्तकात पाठाजवळ एक काळापांढरा चौकोन छापलेला असतो. पुष्कळ मुले त्याच्याकडे बघतच नाहीत. काहींनी तर त्यात पेनने नक्षी काढली आहे. आमच्या आजीला तो ठिपक्यांची रांगोळी वाटला. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो वर्गात कसा उपयोगी पडतो आणि घरी का पडत नाही, ते मी सांगणार आहे.

क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स. मराठीत झटपट उत्तर. हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा नावाच्या इंजिनिअरने तयार केला. त्यापूर्वी मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर उभ्या रेघांच्या पट्ट्या लावत. बिस्किटाच्या पुड्यावर असते ना, तशीच पट्टी. तिच्यात फार थोडी माहिती मावते. म्हणून एकाच खोक्यावर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि कामगारांना त्या एकेक करून वाचाव्या लागत. हारा यांना गो नावाचा खेळ आवडत असे. त्यात चौकटींच्या पटावर काळ्यापांढऱ्या सोंगट्या मांडतात. त्यावरून त्यांना ही युक्ती सुचली. पट्टी एकाच दिशेने वाचतात, पण चौकोन आडवा आणि उभा दोन्ही दिशांनी वाचता येतो. त्यामुळे त्यात खूप मावते. नुसते आकडे लिहिले तर सर्वांत मोठ्या चौकोनात ७०८९ आकडे बसतात!

आता पुस्तक उघडा आणि चौकोन नीट बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. चौथ्या कोपऱ्यात तसा नाही. त्यावरून फोनला वरची बाजू कोणती ते कळते. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. त्या मोठ्या चौकोनाच्या मधून आडवी रेघ ओढली तर काळे १ घर, पांढरे १, काळे ३, पांढरे १, काळे १ असा क्रम येतो. मोजून बघा, एकूण ७ घरे होतात. फोन आधी हाच क्रम शोधतो. बाकीच्या ठिपक्यांवर थोडा डाग पडला तरी काम चालते, कारण काही माहिती जादाची घातलेली असते. पण कोपऱ्यातला मोठा चौकोन झाकला तर फोनला काहीच सापडत नाही. तेव्हा नक्षी काढणाऱ्यांनी निदान कोपरे सोडावेत.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळांना वाटते की पाठाचा व्हिडिओ त्या चौकोनातच असतो. तसे नाही. त्यात फक्त पत्ता असतो. लग्नपत्रिकेवर मांडवाचा पत्ता असतो, पण पत्रिका घरात ठेवून जेवण मिळत नाही, तिथवर जावे लागते. तसेच हे आहे. जायची वाट म्हणजे इंटरनेट. आणि रेंज नसली की वाट बंद!

म्हणून आमचे गुरुजी आदल्या रात्री दीक्षा ॲपमधून पाठाचा व्हिडिओ फोनमध्ये उतरवून आणतात. मग तो वर्गातल्या टीव्हीला जोडतात. शरीराच्या आतील अवयवांच्या पाठाला असेच केले. पुस्तकातले हृदय हलत नाही. टीव्हीवर ते आवळताना आणि सैल होताना दिसले. गुरुजींनी तिथेच व्हिडिओ थांबवला आणि आम्हाला मनगटाची नाडी मोजायला लावली. मग मैदानाला एक फेरी मारून परत मोजली, तर ठोके वाढले होते. मला वाटते, थांबवता येतो हाच व्हिडिओचा मोठा फायदा आहे. नुसता लावून ठेवला तर पोरं आ वासून बघत बसतात आणि विचारले की काहीच येत नाही. लाईट गेली तर गुरुजी फळ्यावर हृदय काढतात. तेही चांगले काढतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड लावले. ती शाळाही आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बक्षीस १० लाख डॉलरचे होते. त्यातला निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिला.

त्याच २०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा माझी ताई चौथीत होती. घरात फोन एकच, आणि तो दादांबरोबर शेतात जायचा. दादा रात्री येत, तोवर फोनची बॅटरी उतरलेली असे. ताईच्या पुस्तकात चौकोन होते, पण पाठ उघडत नव्हते. आजही खूप घरांत एकच फोन आहे. म्हणून पालकांना विनंती आहे की, संध्याकाळी अर्धा तास फोन द्यावा. प्रत्येकाला वेगळा नको. आळीतली चार मुले एका फोनभोवती बसू शकतात. गेम खेळतील असे वाटत असेल तर शेजारी बसावे.

आणखी एक. दुकानातही असाच चौकोन असतो, तो पैसे देण्यासाठी. आतला पत्ता डोळ्यांनी कोणालाच वाचता येत नाही. म्हणून कोणी म्हणाले, "हा स्कॅन करा, तुम्हाला पैसे मिळतील," तर करू नये. पैसे घ्यायला स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

ज्या पालकांना करून बघायचे असेल त्यांच्यासाठी या भित्तिपत्रकाखाली परिसर अभ्यासाचे पुस्तक ठेवले आहे. फोन हातभर वर धरावा, हलवू नये. पुस्तक घेऊन खिडकीपाशी जावे लागेल. रेंज तिथेच येते.