रस्त्यावरील खाद्यपदार्थ आणि कौटुंबिक पर्यटन : डमडम (कोलकाता) येथील उदाहरण

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना –
१. डमडम परिसराचे पर्यटनाच्या दृष्टीने महत्त्व सांगता येईल.
२. रस्त्यावरील पदार्थांमधील धोका नेमका कोठे असतो, हे शास्त्रीय कारणांसह स्पष्ट करता येईल.
३. जलसंजीवनीचे (ओआरएस) कार्य आणि तिचा कोलकात्याशी असलेला संबंध सांगता येईल.
४. फेरीवाल्यांविषयीच्या कायद्यांतील मुख्य तरतुदी सांगता येतील.

१. प्रस्तावना

समजा, पुण्याचे एक कुटुंब कोलकात्याला निघाले आहे. आजी, आई, बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. मुक्काम डमडमला, कारण विमानतळ, रेल्वे आणि मेट्रो तिन्ही जवळ. पहिल्याच संध्याकाळी नागेरबाजारात फुचक्याची गाडी दिसते आणि घरात दोन पक्ष पडतात. मुलीला खायचे असते. आजी म्हणतात, "परमुलखात रस्त्यावरचं काही खायचं नाही." बाबा म्हणतात, "इथवर येऊन खायचं नाही, तर आलो कशाला?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एखाद्या गावाची चव हॉटेलातल्या बंद खोलीत कळत नाही. पण दूषित पाण्यामुळे सहल दवाखान्यात संपू शकते, हेही खरे. म्हणून 'खावे की खाऊ नये' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कोणता पदार्थ, कोणत्या वेळी, काय पाहून खावा' असा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर या घटकात शोधू या.

२. डमडमची ओळख

बंगालीत या गावाला 'दमदम' म्हणतात. 'दमदमा' म्हणजे मातीचा उंच बुरूज किंवा मोर्चा. त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते. १७८३ ते १८५३ या काळात येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्याचे मुख्यालय होते. १८९० च्या दशकात येथील शस्त्र कारखान्यात शरीरात शिरल्यावर पसरणारी बंदुकीची गोळी तयार झाली आणि 'डमडम बुलेट' हे नाव जगभर गेले. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी घालण्याचा जाहीरनामा झाला.

मराठी घरांशीही या गावाचे नाते आहे. ग्रामोफोन कंपनीचा तबकड्यांचा कारखाना १९२८ पासून डमडमला होता. आजोबांच्या काळातील एचएमव्हीच्या तबकड्या घरात असतील, तर त्यांच्या वेष्टनावर 'डमडम' हे नाव शोधून पाहावे.

पाहण्यासारखी ठिकाणे अशी : नागेरबाजारजवळ 'क्लाइव्ह हाउस' ही जुनी, पडझड झालेली वास्तू आहे. मेट्रोने उत्तरेला गेल्यास राणी रासमणी यांनी बांधलेले आणि १८५५ मध्ये खुले झालेले दक्षिणेश्वरचे कालीमंदिर लागते. तेथून नदीपलीकडे बेलूर मठ. प्रवास सोपा आहे. पुण्याहून आझाद हिंद किंवा मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरावे, हुगळी नदीखालून जाणाऱ्या मेट्रोने एस्प्लेनेडला यावे आणि तेथे गाडी बदलून डमडम गाठावे. भारतातील पहिली मेट्रो १९८४ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डमडम–बेलगाछिया हा टप्पाही सुरू झाला.

३. पदार्थांची ओळख

मराठी माणसाला येथील बरेच पदार्थ ओळखीचे वाटतात; मात्र चव वेगळी लागते.

*फुचका :* आपल्या पाणीपुरीचा नातलग. पुरी बहुधा कणकेची. आत रगडा नसतो. उकडलेला बटाटा, काळे हरभरे, मिरची आणि मसाला हाताने कुस्करून भरतात. पाणी चिंचेचे, त्यात बऱ्याचदा सुवासिक गंधराज लिंबू. गोड चटणीचा आग्रह नसतो. शेवटी आपण जशी 'सुकी पुरी' मागतो, तसा येथे 'फाउ' म्हणजे फुकटचा फुचका मागतात.

*झालमुडी :* कुरमुऱ्यांची सुकी भेळच. पण कच्च्या मोहरीच्या तेलामुळे नाकात झणका जातो. वर खोबऱ्याचा काप.

*घुगनी :* वाळलेल्या वाटाण्यांची दाट उसळ, रगड्याच्या जवळची.

*तेलेभाजा :* भजी. वांग्याची बेगुनी, कांद्याची पेयाजी आणि आपल्या बटाटेवड्याची आठवण करून देणारा आलूर चॉप.

*कचोरी व आलूर दम :* सकाळचा नाश्ता. सोबत जिलबी.

*रोल :* तव्यावरच्या पराठ्यात अंडे किंवा मांस गुंडाळून. शाकाहारी मंडळींनी पराठ्यावर अंडे फोडण्याआधीच 'निरामिष' असे सांगावे. बंगालमध्ये या शब्दाने अनेकदा कांदा-लसूणही वगळलेले जेवण समजले जाते.

४. धोका नेमका कोठे असतो?

'रस्त्यावरचे' म्हणजे घाण आणि 'हॉटेलातले' म्हणजे स्वच्छ, ही विभागणी जंतूंना मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत : उष्णता, वेळ, पाणी आणि हात.

(अ) उष्णता व वेळ. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वेगाने वाढतात. म्हणून शिजवलेला पदार्थ या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कढईतून आत्ता काढलेली बेगुनी सुरक्षित. तीच दुपारी तळून संध्याकाळपर्यंत परातीत ठेवलेली असेल तर नाही. काही जंतू अन्नात विष सोडतात आणि स्टॅफिलोकॉकसचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. त्यामुळे 'परत तळून देतो' हा उपाय पुरेसा नाही.

(आ) पाणी. फुचक्याचे तीन भाग वेगवेगळे तपासू. पुरी तळलेली व कोरडी. तिच्यात ओलावा नसल्याने जंतू वाढत नाहीत. बटाटा उकडलेला, पण नंतर हाताने कुस्करलेला आणि उघडा ठेवलेला. चिंचेचे पाणी न उकळलेले, आणि प्रत्येक पुरीबरोबर विक्रेत्याची बोटे त्यात बुडतात. म्हणजे धोका पुरीत सर्वांत कमी, पाण्यात सर्वांत जास्त. चिंचेच्या आंबटपणामुळे काही जंतूंची वाढ मंदावते, पण ती सुरक्षिततेची हमी नव्हे. बर्फालाही हेच लागू : गोठवल्याने जंतू मरतीलच असे नाही.

(इ) हात व भांडी. पैसे घेणारा हात आणि पुरी भरणारा हात एकच आहे का? प्लेट एकाच बादलीत विसळली जाते की पानाचा द्रोण दिला जातो? मातीच्या 'भांड'मधला उकळता चहा या कसोटीवर चांगला उतरतो, कारण चहा उकळलेला आणि भांडे एकदाच वापरायचे. झालमुडी मात्र वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नये. छपाईच्या शाईमुळे अन्नासाठी वर्तमानपत्र वापरण्यास भारतात नियमाने मनाई आहे.

(ई) दोष कोणाला द्यायचा? पोट बिघडले की आपण शेवटी खाल्लेल्या पदार्थाला दोष देतो. हे अनेकदा चुकते. स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा त्रास १ ते ६ तासांत होतो. प्रवाशांच्या अतिसारास कारण ठरणाऱ्या ई. कोलायचा त्रास साधारण १ ते ३ दिवसांनी होतो. टायफॉइडला १ ते ३ आठवडे लागू शकतात, तर हिपॅटायटिस 'अ' म्हणजे पाण्यातून होणारी कावीळ २ ते ७ आठवड्यांनी दिसते. सहलीहून परतल्यावर महिन्याने कावीळ झाली, तर डॉक्टरांना त्या सहलीविषयी सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

५. जेसोर रोडचे दुसरे टोक

अन्नपाण्याच्या रोगांविषयीचे बरेच ज्ञान कोलकात्यातच तयार झाले आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी येथे पटकीच्या रुग्णांचा आणि तलावाच्या पाण्याचा अभ्यास करून पटकीचा जंतू ओळखला. १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी कोलकात्यातच दाखवून दिले की हा जंतू एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्यात पाणी झिरपते. रुग्ण मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

नागेरबाजारातून जाणारा जेसोर रोड पुढे बारासातवरून सीमेजवळच्या बनगावला जातो. डमडमहून लोकल गाडीही जाते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांतील असंख्य लोक याच सीमेवरून आले. छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा बनगावला काम करणारे डॉ. दिलीप महलानबीस यांनी साखर (ग्लुकोज), मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते मिश्रण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. पाकिटे कोलकात्यात भरली गेली. द्रावण पिंपात ठेवून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. महलानबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

*हे द्रावण कसे काम करते?* पटकीच्या विषामुळे आतडे मीठ व पाणी बाहेर टाकते. नुसते मिठाचे पाणी दिले तर ते नीट शोषले जात नाही. पण आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारा एक मार्ग असतो, आणि तो मार्ग या आजारातही चालू राहतो. ग्लुकोजबरोबर सोडियम आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. साखर येथे चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसून मिठाला आत नेण्यासाठी आहे.

*प्रवासात :* ओआरएसची पाकिटे सोबत ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच स्वच्छ पाण्यात मिसळावीत. पाकीट नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाल्यास मुलांना अपाय होतो. शौचातून रक्त, जास्त ताप, काहीही पोटात न टिकणे, लघवी बंद होणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसल्यास थेट दवाखाना गाठावा.

६. गाडीमागचा माणूस

फुचकेवाल्याचे हात अस्वच्छ दिसले तर तो निष्काळजी आहे, असा निष्कर्ष पटकन निघतो. पण त्याच्या गाडीजवळ नळ आहे का? सांडपाण्याची सोय आहे का? टाला येथे १९११ पासून वापरात असलेली प्रचंड पोलादी उंच टाकी डमडमपासून फार दूर नाही. तरी मोठ्या टाकीतले पाणी फुटपाथवरच्या गाडीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. लांबून दोन बादल्या आणणारा माणूस हात किती वेळा धुणार?

दुसरी अडचण जागेची. नोव्हेंबर १९९६ मध्ये 'ऑपरेशन सनशाइन' या मोहिमेत कोलकात्याच्या पदपथांवरील फेरीवाल्यांना मोठ्या प्रमाणावर हटवण्यात आले. उद्या गाडी राहील की नाही हे ठाऊक नसलेला माणूस स्टीलचा ओटा आणि झाकणाच्या टाक्या यांवर खर्च करणार नाही. हक्काची जागा मिळाली तर स्वच्छताही वाढते, असा हा संबंध आहे.

कायद्यातील मुख्य तरतुदी :
• पथ विक्रेता कायदा, २०१४ – विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना हटवता येत नाही. नगर पथ विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात.
• अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ – लहान खाद्यविक्रेत्यांनाही नोंदणी आवश्यक.

या गाड्यांवर केवळ पर्यटक खात नाहीत. हमाल, कारकून, विद्यार्थी यांचे दुपारचे जेवण तेथेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहकार्याने कोलकात्यात झालेल्या अभ्यासात असे दिसले की सुमारे ५०० ग्रॅमच्या अशा स्वस्त जेवणातून सुमारे १००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पर्यटक चार दिवसांत परत जातो; ज्याला रोज तेथेच जेवायचे आहे, त्याच्यासाठी स्वच्छ पाण्याचा प्रश्न अधिक मोठा आहे.

७. मग त्या कुटुंबाने काय करावे?

समोर तळून दिलेली बेगुनी आणि भांडमधला चहा सर्वांनी घ्यावा. मुलीला फुचका हवाच असेल, तर "दादा, पाणी कोणतं वापरता?" असे सरळ विचारावे. गर्दी असलेली गाडी निवडावी, कारण तेथे माल फार वेळ पडून राहत नाही. शंका वाटल्यास पाण्याविना सुका फुचका मागावा. खाण्याआधी आपलेही हात धुवावेत. आजींची सावधगिरी आणि बाबांची हौस अशी एकाच गाडीवर जमू शकते.

सारांश

रस्त्यावरील पदार्थ हा स्थळाच्या ओळखीचा भाग आहे. धोका पदार्थ कोठे विकला जातो यावर अवलंबून नसून उष्णता, वेळ, पाणी व हात यांवर अवलंबून असतो. आजार झाल्यास शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हा पहिला उपाय. विक्रेत्याला पाणी आणि हक्काची जागा देणे हा अन्नसुरक्षेचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. फुचक्याच्या तीन घटकांची धोक्याच्या दृष्टीने तुलना करा.
२. जलसंजीवनीत साखर का असते? सकारण लिहा.
३. आपल्या महाविद्यालयाजवळील एका खाद्यगाडीचे अर्धा तास निरीक्षण करा. पाणी कोठून येते, हात किती वेळा धुतले जातात, शिजवलेला पदार्थ किती वेळ बाहेर राहतो, याची नोंद करा. विक्रेत्याची अडचण त्याच्याच शब्दांत लिहा.