नैवेद्य दुपारी झाला, रात्री काय?

गणेशचतुर्थीच्या दुपारी कोकणातील घरात पानावर जागा उरत नाही. उकडीचे मोदक, वालाची उसळ, अळूची भाजी, वरण-भात. परंतु सायंकाळची आरती आटोपली, भजनी मंडळी उठून गेली, की पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या गृहिणीपुढे प्रश्न येतो : आता रात्री काय करावे? वस्तुतः हा प्रश्न वर्षातील सर्वच रात्रींचा आहे. उत्सवात मुंबईची माणसे येतात, चारांचे घर चौदांचे होते, म्हणून तो अधिक टोचतो इतकेच.

वाचकहो, आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सुदाम्याचे पोहे आणि द्रौपदीची थाळी रंगवून सांगितली. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत सांगितले आहे. त्याचेही पूर्वरंगात अनेकदा विवरण केले. आणि कीर्तन संपवून घरी आल्यावर पानाकडे पाहून "आज परत पिठी?" असे विचारताना आमची जीभ कधी अडखळली नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात, अंगणातील जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरून आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात मोडला. सूनबाईंना त्या वर्षी नोकरीमुळे येता आले नव्हते. मुलगा आणि नातू तेवढे आले होते. दुपारचा नैवेद्य शेजारच्या वहिनींनी पत्करला. रात्र आमच्यावर आली.

आम्हांस एकच पदार्थ येत होता, कुळथाची पिठी. संस्कृतात ज्याला कुलत्थ म्हणतात तो हा कुळीथ, भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आमच्याकडे पिकतो. भाजून दळलेले त्याचे पीठ पाण्यात कालवावे, फोडणीत ओतून ढवळावे, वर दोन आमसुले टाकावीत. सोबत मऊ भात. पावसाळी रात्री त्यासारखे सुख नाही. पण तिसऱ्या रात्री नातवाने पानाकडे पाहून विचारले, "परत पिठी, आजोबा?" शब्द आमचेच होते. सौभाग्यवतींनी मान दुसरीकडे वळवली. त्या हसल्या नाहीत, हे आमच्या मनाला अधिक लागले.

त्या रात्री आम्ही, सवयीप्रमाणे, ग्रंथांकडे धाव घेतली. सतराव्या शतकातील रघुनाथसूरींचे 'भोजनकुतूहल' काढले. अन्नपदार्थांचे गुणदोष त्यात विस्ताराने आहेत. कमलाबाई ओगले यांची १९७० सालची 'रुचिरा' तर फडताळात होतीच. वाटी-चमच्याची मापे देऊन कमलाबाईंनी नवशिक्यांवर थोर उपकार केले आहेत. परंतु आज रात्री आपल्या घरी काय करावे, हे सांगणे ग्रंथकर्त्याच्या हाती नसते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुस्तकात काय बघताय? आधी डबे उघडून बघा."

डब्यांत तांदळाचे पीठ होते, पातळ पोहे होते. ताक होते, आणि नैवेद्याच्या निमित्ताने फोडलेले नारळ तर होतेच.

पहिली झाली ती ताकाची उकड. एक वाटी तांदळाचे पीठ तीन वाट्या आंबटसर पातळ ताकात गुठळी न राहता कालवावे, मीठ घालावे. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि किसलेले आले घालावे. एरवी लसूणही, पण चातुर्मासात तो नको. त्यावर मिश्रण ओतून हात न थांबवता ढवळावे, घट्ट झाले की झाकण ठेवून मंद आचेवर चांगली वाफ आणावी. वाढताना वर कच्चे तेल. आमच्या पहिल्या उकडीत गुठळ्या होत्या. नातवाने त्या मोदकाचे तुकडे समजून खाल्ल्या.

दुसऱ्या रात्री दडपे पोहे. पातळ पोह्यांना ओले खोबरे, मिरची, मीठ, साखर, लिंबू चोळावे, नारळाचे पाणी शिंपडावे, कांद्याऐवजी चोचवलेली काकडी घालावी आणि वर वजन ठेवून दडपावे. नाव त्यावरूनच पडले. विस्तव लागतो तो फोडणीपुरता. सुदाम्याने नेलेले पोहे चार मुठी होते, असे भागवताच्या दशमस्कंधात आहे. ते कोरडेच असावेत. आमच्या घरी खोबरे मुबलक होते, हे आमचे भाग्य.

मग घावन. आंबोळीचे पीठ आंबवावे लागते, घावनाचे नाही. पातळ भिजवले की लगेच बिडाच्या तव्यावर. कडेपासून मध्याकडे ओतत जावे, हे शिकताना आमची पाच घावने फाटली. गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर ती फाटकीही संपली.

ही पाककृतींची कमतरता नव्हती, हे तेव्हा उमगले. चारही पदार्थ आम्ही जन्मभर खात आलो होतो. शिणवणारे होते ते रोज एकटीने ठरवणे. पूर्वी त्यातला काही भार पंचांग उचलीत असे : ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे नको, म्हणून हाताने लावलेल्या भाज्यांची मिसळ भाजी, गौर येते त्या रात्री भाजी-भाकरी. माहेरी आलेली गौरही पहिल्या रात्री भाजी-भाकरीवर प्रसन्न असते, मग घरच्यांनी पक्वान्न का मागावे? ज्या घरांत पंचांग पाहिले जात नाही, तेथे वार ठरवून घ्यावेत. आमच्याकडे दिनदर्शिकेच्या पाठीवर तसे लिहिले आहे, आणि पुढे करणाऱ्याचे नावही.

हात बरा झाल्यावर सौभाग्यवतींनी त्या कागदावर आमची दोन नावे खोडली व नंतर एक परत लिहिले. यंदा चतुर्थीची रात्र आमची आहे. तवा घासून ठेवला आहे; पीठ आरतीनंतर भिजवायचे.