मागच्या दारातून बाँब

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर रात्रीमागून रात्री चालून जाणारी इंग्लंडची लँकेस्टर विमाने त्या एकाच कामासाठी घडविलेली होती. पोटात बाँबचे लांबलचक कोठार, नेम साधण्याचे यंत्र, बचावाला बंदुका अशी सारी सिद्धता त्यांत असे. तरीही ब्रिटिश बाँबफेकी दलाचे ५५,५७३ विमानसैनिक त्या युद्धात कामी आले. हा आकडा ध्यानात घेतला म्हणजे भारतीय हवाई दलाच्या ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९७१ साली पत्करलेल्या जोखमीची कल्पना येते. कारण हे स्क्वाड्रन मुळात मालवाहू होते.

१९६१ साली ते चंडीगड येथे उभे राहिले, रशियन बनावटीची चार इंजिनांची अँटोनोव्ह-१२ विमाने घेऊन. लडाखच्या ठाण्यांना शिधा, दारूगोळा व माणसे पोहोचविणे हे त्यांचे नित्याचे काम. १९६२ च्या ऑक्टोबरात तर त्यांनी चंडीगडहून चुशूलच्या धावपट्टीवर रणगाडे नेऊन उतरविले. वीस टनांपर्यंत भार उचलणारे विमान बाँबही उचलील, हे उघड होते. हवाई दलाच्या कॅनबेरा या खऱ्या बाँबफेकी विमानांची शक्ती त्या मानाने कितीतरी कमी होती.

अडचण होती ती बाँब टाकण्याची. अँटोनोव्हच्या पोटाला बाँबचे दार नव्हते. दार होते ते शेपटीखाली, सामान चढविण्याचे. तेव्हा बाँब आत रचावयाचे, लक्ष्य जवळ येताच ते दार उघडावयाचे आणि एकामागून एक बाहेर सोडावयाचे. मालाच्या त्या दालनात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. उंचावर तेथे काम करणाऱ्यांचा श्वास नळीतून येणाऱ्या प्राणवायूवर अवलंबून. शिवाय शेवटचा बाँब बाहेर पडेपर्यंत विमान बरेच पुढे सरकलेले असे. पूल उडविण्यास ही रीत कुचकामाची. लक्ष्य विस्तीर्णच हवे.

तसे लक्ष्य लाहोरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरवर होते. चांगा मांगाचे अरण्य निसर्गाचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या इंजिनांना सरपण मिळावे म्हणून ते माणसांनी लावले. त्याच्या झाडीत पाकिस्तानी सैन्याने दारूगोळ्याचे साठे दडविले होते. ३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील भारतीय विमानतळांवर हल्ला केला, आणि त्याच रात्री विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ आपली विमाने घेऊन चांगा मांगावर गेले. खालून विमानविरोधी तोफा आग ओकत असता ते अवजड, संथ विमान त्यांनी लक्ष्यावरून एकदा नव्हे, दोनदा नेले. पहिल्या फेरीनंतर ते माघारी वळते, तर त्यांना दोष देण्यास कोणाचीही जीभ रेटली नसती.

वसिष्ठांना महावीरचक्र मिळाले. दालनात बाँब सोडणाऱ्या त्यांच्या साथीदारांची नावे मात्र फारशी ऐकू येत नाहीत.

युद्ध संपले आणि अँटोनोव्ह पुन्हा माल वाहू लागली. १९८५ साली या स्क्वाड्रनला इल्युशिन-७६ विमाने मिळाली व त्याचे ठाणे आग्र्यास गेले.