गणपतीनंतरचं गॅरेज

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसते. एमएच ०२, ०४, ४३, ४८ अशा नंबरांच्या गाड्या अंगणभर उभ्या असतात. कुणाचा शो फुटलेला, कुणाचं बोनेट दुमडलेलं, तर कुणाला वरून खरचटलंही नाही, पण टो करून आणलेली. मालक रजा संपली म्हणून एसटीने किंवा मिळेल त्या रेल्वेने मुंबईला गेलेले असतात. आरसी, लायसन्स आणि पॉलिसीच्या झेरॉक्स, किल्लीसकट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी मिस्त्रींच्या स्वाधीन केलेल्या असतात. मग येतो विम्याचा सर्व्हेअर.

चिपळूणजवळच्या अशाच एका गॅरेजात मी एका सर्व्हेअरच्या मागे मागे फिरलो. ‘हा कंपनीचा माणूस, पैसे कापायलाच येतो,’ असा त्याच्याबद्दलचा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्याला परवाना देते ती विमा नियामक संस्था, म्हणजे आयआरडीएआय. मोटारीचा दावा ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर अशा परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतोच. फी मात्र त्याला विमा कंपनीच देते, हेही खरं. त्यामुळे मिस्त्री त्याला चहा देतात, पण जपून बोलतात.

तो आधी गाडीकडे बघत नाही, कागदांकडे बघतो. पहिल्याच गाडीला तिथेच खीळ बसली. गाडी दोन वर्षांची, मालकाच्या मते ‘तीन वर्षांचा इन्शुरन्स शोरूममध्येच काढलेला’. काढलेला होता, पण थर्ड पार्टीचा. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पहिलं वर्ष संपलं, तो भाग नव्याने घ्यायचा राहिला आणि पोलिसांनी कधी अडवलं नाही, कारण कायद्याला हवा तो थर्ड पार्टी विमा चालूच होता. गाडी दुभाजकाला घासली तेव्हा हे उघडकीला आलं. समोरच्याला इजा झाली असती तर कंपनीने भरपाई दिली असती, अगदी कितीही. मृत्यू किंवा दुखापत असेल तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची आहे. पण स्वतःच्या दाराच्या पत्र्याला त्या पॉलिसीतून एक रुपया मिळत नाही. सर्व्हेअरने कागद परत पिशवीत ठेवले.

पुढची गाडी. पुढच्या बंपरवर आणि मागच्या दारावर, दोन्हीकडे मार. सर्व्हेअर मागच्या दाराशी उकिडवा बसला आणि त्याने नखाने रंग खरवडला. कोकणातल्या पावसात उघडा पडलेला पत्रा एका रात्रीत नारिंगी होतो. तो गंज बोटाने पुसला जातो. महिन्या-दोन महिन्यांचा गंज काळपट असतो, त्याचे पापुद्रे सुटतात. दाराच्या चिरेत पापुद्रे होते, वर वाळलेल्या पॉलिशची पांढरी रेघ. “हे मुंबईत लागलंय,” एवढंच तो म्हणाला आणि दाराचा फोटो वेगळा काढला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. एका धडकेच्या बिलात जुना डेंट उरकून घ्यायची हौस बऱ्याच जणांना असते आणि बहुतेकांची ती पूर्ण होत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते वरून धडधाकट दिसणाऱ्या गाडीपाशी. लिफ्टवर चढवल्यावर खालचा चेंबर दिसला. इंजिन ऑईल ज्यात असतं त्या पात्राला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. त्याला हाताच्या पंजाएवढी खोलगट चेप आणि मध्ये चीर. डायव्हर्जनवर रस्ता आणि कच्चा भाग यांच्यात पायरी असते. अंधारात, पाच माणसं आणि सामान भरून खाली बसलेली गाडी तिथे घासते. आवाज आला, पण गाडी चालत होती, म्हणून चालकाने ती चालवली. ऑईल गळत गेलं, तांबडा दिवा लागला, तरी “आता घर आलंच” म्हणत तो पुढे गेला. इंजिन सीझ झालं.

चेंबर बदलणं हे काही हजारांचं काम. इंजिन उघडायचं म्हणजे लाखाच्या घरातलं. साध्या पॉलिसीत पहिलं मिळतं, दुसरं मिळत नाही. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या जोखमीवर, असं पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. फोनवर मालक चिडून म्हणाला, “मग रात्री दोन वाजता बायको-पोरांना घेऊन काय रस्त्यावर झोपायचं होतं?” प्रश्न रास्त आहे. उत्तरही पॉलिसीतच असतं, पण तुटपुंजं: अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचे साध्या पॉलिसीत १,५०० रुपयेच मिळतात. कशेडी घाटातून चिपळूणला आणायला तेवढे पुरत नाहीत. म्हणून रोडसाइड असिस्टन्सचं जोडकलम (ॲड-ऑन) घेतलेलं बरं. बऱ्याच जोडकलमांपेक्षा ते स्वस्त असतं आणि लोक नेमकं तेच गाळतात.

पाण्याचंही असंच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक मिस्त्रीला हे पाठ आहे. पुरात गाडी बुडली तर नुकसान विम्यात बसतं. पण पाणी ओसरल्यावर कुणी स्टार्टर मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर इंजिन प्रोटेक्शनच्या जोडकलमाशिवाय तो दावा सहसा टिकत नाही. “भिजलेल्या गाडीला चावी लावू नका,” हे मिस्त्री गिऱ्हाइकाला फोनवर ओरडून सांगतात.

आता पैशांचा हिशेब, कारण भांडण इथेच होतं. साडेचार वर्षांची, १,५०० सीसीच्या आतली कार, ‘फुल इन्शुरन्स’, पण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोडकलम, नाही. आकडे मी गोल केले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय. बंपर ८ हजार: प्लास्टिक, म्हणून निम्मे, ४ हजार. बोनेट १० हजार आणि फेंडर ४ हजार: चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ३५ टक्के घसारा, म्हणून ९,१००. कंडेन्सर-रेडिएटर ९ हजार, त्याचे ५,८५०. पुढची काच ७ हजार: काचेवर घसारा नाही, पूर्ण मिळतात. मजुरी ८ हजार, तीही पूर्ण. रंगकाम १२ हजार: त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे १०,५००. वरून सक्तीची १ हजाराची वजावट. बिल ५८ हजार, मिळाले ४३,४५०. उरलेले साडेचौदा हजार मालकाने भरायचे. ‘फुल’ या शब्दावर विसंबलेला माणूस इथे “कंपनी चोर आहे” म्हणतो. कंपनीच्या बाकीच्या वागण्याची हमी मी देणार नाही, पण हे कोष्टक तरी छापील आहे.

दुपारी सर्व्हेअरने एका मालकाला फोन लावला. गाडी कोण चालवत होतं? “मीच.” पण ड्रायव्हरचं सीट पार मागे सरकवलेलं होतं आणि मिस्त्रींनी पाहिलेला मालक बुटका. थोडे आढेवेढे घेऊन कळलं की पुतण्या चालवत होता. लायसन्स आहे? आहे, कारचंच, चालू. “मग खोटं कशाला बोललात?” कारण ‘पॉलिसी माझ्या नावावर आहे ना’. ही भीती फार पसरलेली आहे आणि अनाठायी आहे. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला कुणीही गाडी चालवत असेल तरी गाडीचं नुकसान भरून मिळतं. दावा बुडतो तो खोट्या माहितीमुळे. हा मालक वेळेत खरं बोलला. त्याने फॉर्म बदलून दिला.

पुढची फाईल पाहून मात्र सर्व्हेअरने चष्मा काढला. पांढऱ्या नंबरप्लेटची सात सीटर, गाडीत सहा माणसं, एकाचंही आडनाव जुळेना. कोकण रेल्वेचं गणपतीचं बुकिंग काही मिनिटांत संपतं, मग व्हॉट्सॲपवर ‘दोन सीट खाली, माणशी इतके’ असे निरोप फिरतात. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने माणसं नेण्यासाठी नसते. मित्रांनी डिझेल वाटून घेणं आणि सीट विकणं यांतली रेघ कधीकधी धूसर असते, हे सर्व्हेअरही मान्य करतो. पण माणशी ठरलेला दर मोबाइलमध्ये लिहिलेला असेल तर वाद घालायला फारशी जागा राहत नाही. जे सीट विकत घेतात त्यांनीही हे ओळखून असावं. गाडीची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांना तिचं संरक्षण धरलं जात नाही. मावशी असो की अनोळखी.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट लक्षात येत गेली. पॉलिसीतली ‘हे मिळणार नाही’ची यादी कंपनीने पैसे वाचवायला केली असेल, पण कुठे थांबायचं ते तीच यादी सांगते. दारू, लायसन्स नसणं, भाड्याची माणसं, बिघडलेली गाडी रेटणं. एक मोठं कारण मात्र त्या यादीत नाही: झोप. सर्व्हेअर घटनास्थळाच्या फोटोत सगळ्यात आधी टायरच्या खुणा शोधतो. खूण नसेल तर त्याचा पहिला संशय झोपेवर. चाकरमानी संध्याकाळपर्यंत ड्युटी करतो, रात्री नऊला सामान भरतो आणि पहाटे तीन-चारला खेड-चिपळूणच्या पट्ट्यात असतो. पावसात कोरडी जागा म्हणून गुरंही तेव्हा डांबरावर बसलेली असतात. गाय दिसते ती पन्नास फुटांवर. झोपेत झालेल्या धडकेचे पैसे विमा देतो. पत्र्याचे.

मागच्या सीटवरचे बेल्टही त्या यादीत नाहीत. त्या गॅरेजातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत मागच्या बेल्टची बकलं सीटच्या फटीत गाडली गेली होती. एका गाडीत तर सर्व्हेअरला ती पक्कडने ओढून काढावी लागली. ४ सप्टेंबर २०२२ ला, गणेशोत्सवातच, पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते तिला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यानंतर काही आठवडे मागच्या बेल्टची खूप चर्चा झाली. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेणाऱ्यांची तर तेवढीही होत नाही. एअरबॅग उघडायला डोळ्याची पापणी लवण्याहून कमी वेळ लागतो, आणि ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने बनवलेली असते.

पुढच्या खेपेला गावी निघण्याआधी पॉलिसी काढून तीन गोष्टी बघा: ओन डॅमेजची तारीख, झिरो डेप आहे की नाही, आणि टोइंगसाठी कुठे फोन करायचा. टायरची हवा पूर्ण भाराची भरा, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. मागची बकलं आदल्या दिवशीच वर काढून ठेवा. आणि खाली काही लागल्याचा आवाज आला तर इंजिन बंद करून उतरा, मोबाइलच्या उजेडात गाडीखाली बघा. ऑईल गळताना दिसलं तर घर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी पुन्हा चालू करू नका.