गणवेश उतरतो, पहारा संपत नाही

निवृत्ती हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर साठीकडे झुकलेला, मुलांची लग्ने उरकलेला, सकाळच्या फेरफटक्याला निघालेला गृहस्थ उभा राहतो. लष्करातील जवानाच्या बाबतीत हे चित्र साफ चुकीचे आहे. अठरा-वीसच्या वयात भरती झालेला शिपाई साधारण पंधरा ते सतरा वर्षांची सेवा करून पेन्शनीवर येतो, तेव्हा त्याचे वय जेमतेम पस्तीस ते अडतीस असते. हवालदार झाला, तर त्यात आणखी सात-आठ वर्षांची भर पडते. शहरातील त्याचा समवयस्क ज्या वयात पहिले घर घेतो आणि बढतीची वाट पाहतो, त्या वयात हा माणूस ‘माजी’ होतो. देशात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक अशा रीतीने सेवेतून बाहेर पडतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक घरांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

गावात त्याचा हुद्दा कोणताही असो, त्याला ‘मेजर’ म्हणूनच हाक मारली जाते. तोच मेजर मुलांच्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत येतो, एखाद्या सोसायटीच्या किंवा बँकेच्या दारावर उभा राहतो आणि ‘वॉचमन’ होतो. या दोन हाकांमधल्या अंतरात त्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

विचार केलाच, तर तो दोन टोकांचा असतो. सैनिक म्हणजे पोलादी मनाचा, त्याला कसले आले मानसिक त्रास, हे एक टोक. युद्ध पाहिलेला माणूस आतून उद्ध्वस्त आणि धोकादायक असतो, हे चित्रपटांनी रुजवलेले दुसरे टोक. वस्तुस्थिती या दोहोंपासून दूर आहे. बहुसंख्य माजी सैनिक नव्या आयुष्यात रुळतात. ज्यांना त्रास होतो, त्यांच्या त्रासाची मुळे दोन असतात. एक रणभूमीवरचे आणि दुसरे परतीच्या वाटेवरचे. दोन्हींची लक्षणे वरकरणी सारखी दिसतात, पण उपाय वेगळे आहेत. घरोघरी मात्र दोन्हींना एकच नाव दिले जाते, ‘स्वभाव’. या एका शब्दामुळे उपचारांची किती तरी वर्षे वाया जातात.

रणभूमीवरचा आघात

युद्धाने मन जखमी होते, हे वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून आलेले सैनिक थरथरत, त्यांची वाचा जाई, पण अंगावर जखम नसे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. त्याच महायुद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांची आठवण गावाने जपली आहे. जे परत आले, त्यांनी सोबत काय आणले, याची नोंद ठेवण्याची कल्पनाही त्या काळी कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनंतर, १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणजेच ‘पीटीएसडी’ या निदानाचा समावेश केला.

हा विकार समजून घेणे अवघड नाही. प्राणावर बेतणारा प्रसंग घडला की मेंदूतील धोक्याची घंटा वाजते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, सारे लक्ष धोक्यावर एकवटते. धोका टळल्यावर ही घंटा शांत व्हावी, अशी निसर्गाची योजना आहे. काही जणांच्या बाबतीत ती शांत होत नाही. तो प्रसंग आठवण म्हणून मागे पडत नाही. स्वप्नांतून आणि दिवसाढवळ्याही तो पुन्हा घडत असल्यासारखा भासतो. मग माणूस त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे, बातम्या टाळू लागतो. मन बधिर होते, जवळच्यांविषयीची ओढ आटते. झोप उडते, लहानशा आवाजाने अंग दचकते. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागली, तर तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते.

सैनिकाच्या बाबतीत यात एक गुंता असतो. सतत सावध राहणे, झोपेतही कान उघडे ठेवणे, दाराकडे तोंड करून बसणे, ही काश्मीरच्या खोऱ्यातील गस्तीवर जिवंत राहण्याची साधने असतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने ती अंगात मुरतात. घरी आल्यावर हेच गुण लक्षणे ठरतात. रात्री तीनदा उठून कडी तपासणारा, दिवाळीत फटाक्यांच्या माळेने घामाघूम होणारा, लग्नाच्या गर्दीतून मध्येच उठून जाणारा माणूस ‘विक्षिप्त’ म्हटला जातो. प्रत्यक्षात त्याचा पहारा अजून संपलेला नसतो.

याखेरीज आणखी एक वेदना असते, ती भीतीची नसून अपराधीपणाची असते. शेजारचा साथीदार गेला आणि मी वाचलो, हा विचार वर्षे उलटली तरी पाठ सोडत नाही. एखाद्या प्रसंगी जे करावे लागले किंवा करता आले नाही, त्याचा सल राहतो. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांवर काम करताना अशा नैतिक जखमेचा विचार मांडला. ‘तू तर देशासाठी लढलास’ या कौतुकाने ती भरत नाही. उलट कौतुक करणाऱ्यापुढे ती उघड करणे आणखी कठीण होते.

परतीचा आघात

ज्याने एकही गोळी झाडली नाही, असा जवानही निवृत्तीनंतर खचू शकतो. त्याचे कारण समजण्यासाठी त्याने काय गमावले, ते पाहावे लागेल. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत त्याचा दिवस आखलेला होता. निवास, भोजन, वैद्यकीय सेवा, सोबत यांची चिंता पलटण वाहत होती. गावी जमिनीचा वाद झाला, तर कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई. आता सातबाराच्या उताऱ्यासाठी त्याला स्वतः रांगेत उभे राहावे लागते आणि ‘उद्या या’ हे उत्तर ऐकावे लागते. ज्या जगात दिलेला शब्द हुकूम असतो, त्या जगातून आलेल्या माणसाला हा ‘उद्या’ अपमानासारखा लागतो.

घरातही सारे बदललेले असते. पंधरा-वीस वर्षे पत्नीने एकटीने संसार चालवलेला असतो. मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणे, शेतीचे व्यवहार, सगळे तिने पेललेले असते. तो वर्षातून दोन-तीनदा सुट्टीवर येणारा लाडका पाहुणा होता. आता तो कायमचा आला आहे आणि घरात हुकूम देऊ पाहतो. मुलांना वडिलांची शिस्त जाचते, पत्नीला आपल्या कारभारातील लुडबूड खटकते आणि त्याला वाटते, या घराला आपली गरजच उरलेली नाही. यात दोष कुणाचाच नसतो. हे संक्रमण आहे आणि त्याला वेळ लागणार, हे तिघांनाही कुणी आधी सांगितलेले नसते.

निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाच्या वतीने जवानांसाठी प्रशिक्षणवर्ग चालतात, पण त्यांचा भर रोजगारावर असतो. सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली, तरी प्रश्न सुटत नाही. दहा जवानांच्या तुकडीचे नेतृत्व केलेल्या हवालदाराला मोटारीतून उतरणारा विशीतला तरुण ‘ए’ म्हणून हाक मारतो, तेव्हा पगारापलीकडचे काही तरी दुखावते. या दुखावलेपणातून चिडचिड, एकटेपणा आणि पुढे नैराश्य येऊ शकते. कँटीनमधून मिळणारे मद्य मग सोबतीपुरते न राहता झोपेचे औषध बनते.

मौनाची सवय

मग हे लोक डॉक्टरांकडे का जात नाहीत? त्याचे मूळ सेवाकाळातच असते. मानसिक त्रासाची नोंद झाली, तर वैद्यकीय श्रेणी खालावेल, बढती हुकेल, सहकारी दुबळा समजतील, ही भीती जवानाच्या मनात असते. त्यामुळे तो लक्षणे लपवतो. सेवामुक्तीच्या वेळी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीतही गप्प राहतो. पुढे त्रास वाढल्यावर तो सेवेमुळे उद्भवला, हे सिद्ध करून अपंगत्व निवृत्तिवेतन मिळवणे अवघड होऊन बसते. म्हणूनच निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांनी त्या तपासणीत झोप, दचकणे, निराशा यांविषयी स्पष्ट सांगावे आणि सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत.

हे मौन केवळ सैनिकांचेच नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसून आले. ज्या समाजात ही स्थिती आहे, त्यात ‘मर्दानी’ पेशातून आलेल्या माणसाने पहिले पाऊल सहज उचलावे, ही अपेक्षाच अवास्तव ठरते.

मदतीचे मार्ग

पीटीएसडीवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञांच्या मदतीने त्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची उपचारपद्धती साधारण आठ ते पंधरा बैठकांत पूर्ण होते. सर्ट्रालीनसारख्या औषधांचाही उपयोग होतो. मात्र औषध दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे आणि त्यांवर विसंबणे घातक आहे. परतीच्या आघातावर समुपदेशन, कुटुंबासह चर्चा आणि दिवसाला पुन्हा आकार देणारे काम हे उपाय असतात.

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी मिळू शकते. प्रत्येकाने पहिली चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. शस्त्राइतकीच मनाचीही देखभाल लागते, याची ही अधिकृत कबुलीच होती.

घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. ‘तिकडे काय झाले ते सांग’ असा तगादा लावू नये. तो बोलेल तेव्हा सल्ला न देता ऐकावे. आणि ‘माझ्यावाचून कुणाचे अडणार नाही’, ‘आता सगळे संपवावे’ असे शब्द कानावर आले, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नयेत. अनेक माजी सैनिकांकडे परवान्याचे शस्त्र असते. अशा काळात ते पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठणे, एवढी दक्षता जीव वाचवू शकते.

उद्याचा प्रश्न

हा विषय पुढील काळात अधिक गंभीर होणार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेनुसार अग्निवीरांची सेवा चार वर्षांची आहे. त्यांच्यापैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले पंचविशीच्या आतबाहेर घरी परततील. त्यांच्या हाती सेवानिधीची रक्कम असेल, मात्र निवृत्तिवेतन आणि ‘ईसीएचएस’चे छत्र नसेल. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. त्यांच्या रोजगाराची चर्चा होते, ती योग्यच आहे. परंतु ज्या वयात व्यक्तिमत्त्व घडते, त्या वयात गणवेश चढवून उतरवणाऱ्या या तरुणांच्या मनाची जबाबदारी कोणाची, हे आताच ठरवले पाहिजे.

राहता राहिलो आपण. शहरात राहणाऱ्या वाचकाला यात करण्याजोगे काय आहे, असा प्रश्न पडेल. उत्तर साधे आहे. आपल्या इमारतीच्या फाटकावर उभ्या असलेल्या गृहस्थांना एकदा नाव विचारावे, कोणत्या पलटणीत होता, हे विचारावे. युद्धाच्या गोष्टी ऐकण्याची उत्सुकता आवरावी आणि उद्यापासून त्यांना नावाने, ‘अहो’ म्हणून हाक मारावी. दिवाळीत त्यांच्या केबिनजवळ फटाक्यांची माळ लावू नये. त्याने कुणाचा विकार बरा होणार नाही, हे खरे. पण आपला पहारा आता कुणी तरी वाटून घेत आहे, एवढे त्या माणसाला नक्की जाणवेल.