*नारळ मशीनवर देण्याआधी ढीग वेगळे करा* 🥥

मशीनवर नारळ फुटले की आपण मशीनला दोष देतो. पण बऱ्याच वेळा एकाच पोत्यात बाणवली, ठेंगू, टी-डी असे सगळे असोले नारळ मिसळलेले असतात.

*नारळ का फुटतो?*
मशीनमध्ये दात असलेले दोन रोलर उलट-सुलट दिशेने फिरतात. दात सोडणात घुसतात आणि ते ओढून फाडतात. सोडण दातांपेक्षा बरंच जाड असेल तर थोडं चिकटून राहतं, हाताने काढावं लागतं. सोडण पातळ असेल तर दात थेट करवंटीवर बसतो. बारीक तडा गेला तरी पाणी झिरपतं, खोबरं खराब होतं. असा नारळ पूजेच्या गिऱ्हाइकाला चालत नाही.

*जातीप्रमाणे फरक*
▪️ *बाणवली:* सोडण जाड, करवंटी टणक. पण परपरागीभवनामुळे झाडागणिक आकार वेगळा. कुठे लांबट, कुठे गोल.
▪️ *प्रताप:* भाट्ये केंद्राने निवडलेली जात. नारळ मध्यम आणि गोल, त्यामुळे एकसारखा ढीग लावणं सोपं.
▪️ *ऑरेंज डार्फ (ठेंगू):* नारळ लहान. बाणवलीच्या सेटिंगवर घालू नका. ही जात शहाळ्यालाच चांगली.
▪️ *टी-डी संकरित:* आधी मोजा, मग ढीग ठरवा.

*घरी काय कराल?*
१) प्रत्येक ढिगातले ३-४ नारळ उभे कापा. सोडणाची जाडी पट्टीने मोजा: देठाकडे, टोकाकडे आणि मध्यावर. दोन्ही टोकांना ते जाड असतं, मध्यावर पातळ. *मध्यावरचा सगळ्यात कमी आकडा ऑपरेटरला सांगा.* सेटिंग त्यावरच ठरतं.
२) १२ महिन्यांचा पक्व नारळच आणा. कोवळ्याची करवंटी पुरती टणक झालेली नसते.
३) ओल्या आणि सुकलेल्या सोडणाचे नारळ वेगळ्या पोत्यांत भरा.
४) पोत्यावर जात आणि पाडपाची तारीख लिहा.

प्रत्येक ढिगातले आधी १० नारळ सोलून बघू. २-३ जरी फुटले तरी तिथेच थांबून सेटिंग बदलायचं, अख्खं पोतं घालायचं नाही. शेंडी ठेवायची असेल तर आधीच सांगा.

⚠️ रोलर फिरताना अडकलेलं सोडण हाताने ओढू नका. आधी स्विच बंद. हातमोजे, ओढणी, सैल बाही रोलरजवळ नको.

पोती आणण्याच्या आदल्या दिवशी जात आणि नग या ग्रुपवर कळवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी